काचेआडचा कालवा

मोटारींविषयी लिहिण्याचा आम्हांस अधिकार काय, असे कोणी विचारील. आयुष्य अलंकार आणि वृत्ते शिकविण्यात गेले. गाडी चालविता येत नाही ती नाहीच. परंतु कवितेची एक ओळही न लिहिता कवितेवर ग्रंथ लिहिण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. तिचाच आधार घेतो.

वडगाव निंबाळकरच्या आमच्या घरी गेली काही वर्षे एक जर्मन बनावटीची आलिशान मोटार उभी असते. नाव मुद्दाम सांगत नाही. ती पुतण्याने घेतली आणि तिच्यापायी कालव्यालगतचे दीड एकर रान विकले गेले. त्यावरून दादांनी, म्हणजे आमच्या थोरल्या बंधूंनी, पोटच्या मुलाशी सहा महिने अबोला धरला होता. तेव्हा या मोटारीकडे निर्लेप रसिकतेने पाहणे आम्हांस शक्य नव्हते, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

त्याआधी घरात होती ती फियाट. कागदोपत्री प्रीमियर पद्मिनी. १९८१ साली दादांनी ती जुनीच विकत घेतली. तिचे इंजिन १०८९ सीसीचे, गियरचा दांडा स्टिअरिंगच्या दांड्यालाच, पुढे सलग बाकासारखी बैठक आणि मागच्या चाकांवर पोलादी पाटे. आमच्या मुलखाशी तिचे नाते होते. ज्या वालचंद हिराचंदांनी इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर साखर कारखाना आणि वालचंदनगर उभे केले, त्यांनीच १९४४ साली प्रीमियर कंपनी काढली. ऊस आणि मोटार यांचे आमच्याकडचे गोत्र असे एकच. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनीची शेवटची टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरात निघाली, तेव्हा दादा वर्तमानपत्र बाजूला ठेवून बराच वेळ गप्प बसले होते.

त्या फियाटच्या तोंडाची जाळी म्हणजे तिचे नाक होते. रेडिएटरला वारा हवा, म्हणून जाळी. आता बीएमडब्ल्यूची आय-सेव्हन पाहा. ती विजेवर चालते. एवढ्या मोठ्या जाळीतून वारा पिणारे इंजिन तिच्या पोटात नाही. तरी जाळी पूर्वीपेक्षा मोठी, वर रात्री तिच्या कडा उजळतात. क्षेमेंद्राने औचित्याची चर्चा करताना गळ्यात घातलेल्या कमरपट्ट्याची थट्टा केली आहे. ही जाळी पाहून आम्हांस तेच आठवते. देहच उरला नाही आणि दागिना मात्र वाढला. तिच्या पाठीशी रडार वगैरे दडविलेले असते, असा बचाव पुतण्या करतो. असेल; पण लपविण्यासाठी एवढा पडदा लागतो काय?

सर्वच आधुनिक मोटारींना एका माळेत ओवणे मात्र अन्यायाचे होईल. मर्सिडीजची ईक्यूएस २०२२पासून आपल्या चाकणला जुळविली जाते. तिचा वायुरोधाचा गुणांक ०.२०, हवेने फारसा विरोध न करता तिला वाट द्यावी, इतकी ती घोटलेली आहे. येथे आकार हाच आशय आहे, हे मान्य करावे लागते. तरीही आम्हांस ती सुंदर वाटत नाही. मर्ढेकरांनी लयीची तीन तत्त्वे सांगितली: संवाद, विरोध आणि समतोल. या गाडीत संवादच संवाद आहे, विरोधाला जागाच ठेवलेली नाही. नदीने गुळगुळीत केलेल्या गोट्याकडे आपण किती वेळ पाहणार?

याउलट डब्ल्यू-१२४ ही जुनी मर्सिडीज, जिची जुळणी १९९५ साली पिंपरीत सुरू झाली. ब्रूनो साक्को हे त्या काळचे तिथले रचनाप्रमुख. २०२४ साली ते वारले. नव्या गाडीने जुनीला एका दिवसात म्हातारी करू नये, असा त्यांचा दंडक होता. परंपरा आणि नवता यांवर आम्ही वर्गात तासन्‌तास बोललो, पण इतके नेमके कधी बोलल्याचे स्मरत नाही. त्या गाडीला पुढच्या काचेवर वायपर एकच. तो फिरता फिरता कोपऱ्यांकडे लांबतो, मध्ये आखडतो आणि काचेचा ८६ टक्के भाग पुसतो. एकाच क्रियापदाने लांबलचक वाक्य तोलून धरावे, तसे. अभियांत्रिकीतला हा अल्पाक्षरीपणा आजच्या मोटारींत आम्हांस दिसत नाही. त्यांना प्रत्येक गोष्टीसाठी पडदा लागतो. आय-सेव्हनमध्ये तर मागे बसणाऱ्यापुढे छतातून ३१ इंचांचा चित्रपटगृही पडदा उतरतो. खिडकीबाहेर काही उरलेच नाही, असे समजून चालायचे.

आमच्या घरच्या मोटारीत दादा प्रथम बसले ते नाइलाजाने. बैठक इतकी खाली, की गुडघे दुखणाऱ्या माणसाला आत उतरावे लागते आणि बाहेर चढावे लागते. गाडी नीरा-बारामती रस्त्याला लागली. पोलादी पाट्यांच्या जागी हिच्यात हवेच्या पिशव्या, काचा दुहेरी. आत आवाज म्हणून नाही. थोड्या वेळाने दादांनी विचारले, “कुठं आलो रं?” फियाटमध्ये डोळे मिटून बसलेले दादा चाकाखालच्या आवाजावरून पणदरे गेले की माळेगाव आले, ते सांगत. पुतण्याला तो प्रश्न म्हणजे गाडीची स्तुती वाटली. आम्हांस तसे वाटले नाही.

मग मागल्या वर्षीची ती रात्र. दादांच्या छातीत कळ आली आणि त्यांना पुण्याला न्यायचे ठरले. नीरा, जेजुरी, सासवड, दिवे घाट. उसाच्या ट्रॉल्या अंधारात दिव्यांशिवाय उभ्या. मोटारीने दोनदा आमच्याआधी ओळखून वेग कमी केला. घाटातल्या वळणांवर दादांचे डोके आमच्या खांद्यावर होते ते हलले नाही. ते झोपले होते. आम्ही दर थोड्या वेळाने त्यांच्या नाकापुढे हात धरीत होतो, आणि त्या निःशब्दपणात त्यांचा श्वास आम्हांस ऐकू येत होता. फियाटमध्ये तो ऐकू आला नसता. या लेखातली बरीच मते आम्ही त्यापूर्वी बनविलेली आहेत. ती मागे घेतलेली नाहीत, पण त्या रात्रीनंतर ती पूर्वीइतक्या ठसक्यात मांडवत नाहीत.

अकरा दिवसांनी दादा घरी निघाले. गावाजवळ आल्यावर ते सावरून बसले आणि पुतण्याला म्हणाले, “काच खाली घे.” बाहेर ऊन होते, आत गारवा, डॉक्टरांनी धूळ टाळायला सांगितले होते. पुतण्याने काही न बोलता चारही काचा उतरविल्या. कालव्याला पाळी सुटलेली होती. विकलेल्या रानाच्या बांधाशी, दारे धरलेल्या सरीत पाणी पडत होते त्याचा आवाज आत आला, आणि पुतण्याने, कोणी सांगितले नसताना, गाडी तिथे थांबविली.