फ्रेममधली खोट

सुट्टीच्या दिवशी फज्रची नमाज झाली की मी सायकल काढतो. वाशी मागे पडते, महामार्ग लागतो, तेरखेडा ओलांडले की येरमाळ्याचा घाट येतो. घाट चढून थोडा वेळ थांबायचे, पाणी प्यायचे आणि ऊन तापायच्या आत घरी परतायचे. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी रक्तातली साखर दाखवून दम भरला, तेव्हापासूनचा हा नेम.

सायकल वाकड्या हँडलची, बारीक टायरची, गिअरची. दुकानदार तिला 'रोड बाइक' म्हणतात. आपल्याकडे बाइक म्हटले की लोक मोटारसायकल समजतात, म्हणून मी सायकलच म्हणतो. एका मोठ्या शहरातल्या तरुणाकडून ती जुनी, अठरा हजारांत घेतली होती. रंग इतका चकचकीत की अम्मी म्हणाली, "ही जुनी कशी?" हाच प्रश्न मी त्या तरुणाला विचारायला हवा होता.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी सायकलमधून एक आवाज येऊ लागला. चढावर उभे राहून पायडल मारले की 'कट'. सपाट रस्त्यावर काही नाही. पायडलचा आस ज्यात फिरतो त्या भागाला मेकॅनिक 'बीबी' म्हणतात. तोच वाजत असेल म्हणून तो उघडून ग्रीस भरले. आवाज राहिला. सीटचा बोल्ट आवळला. आवाज राहिला. मग एका रविवारी सायकल धुताना तिरक्या नळीच्या खालच्या बाजूला, हँडलखालच्या जोडाजवळ, माझे नख अडकले. केसाएवढी रेघ होती. मला वाटले, रंगाला चीर गेली असावी.

बार्शीच्या म्हाताऱ्या मेकॅनिकने तिथला रंग खरवडला. खालून पांढरी पुट्टी निघाली आणि पुट्टीखाली खरा तडा, नळीच्या जवळजवळ अर्ध्या घेराचा. ते म्हणाले, "मास्तर, हा तडा तुमच्याकडे पडलेला नाही. कुणीतरी तो भरून, रंग मारून तुम्हाला विकला. तुमच्याकडे तो फक्त वाढला." मी गप्प उभा राहिलो. घाट उतरताना या सायकलवर माझा वेग ताशी पन्नासच्या घरात जात होता. तो जोड सुटला असता तर पुढचे चाक हँडलसकट वेगळे झाले असते.

पहिला विचार साहजिकच जोडून घेण्याचा आला. आर्गन वेल्डिंगवाला पाचशे रुपयांत जोडून द्यायला तयार होता. मेकॅनिकने मला अडवले आणि कारण समजावले. माझी फ्रेम अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची. कारखान्यात अशी फ्रेम जोडल्यावर ठराविक तापमानाला तापवून पुन्हा कडक करतात. गावात नुसते वेल्डिंग केले तर जोडाच्या आजूबाजूची नळी मऊ पडते. वरून जोड मजबूत दिसतो आणि पुढचा तडा त्याच्या शेजारीच जातो.

घरी आल्यावर अब्बांची अॅटलस आठवली. काळी, चोवीस इंची, पोलादी नळ्यांची. बाजाराच्या दिवशी अब्बा तिच्यावर कापडाचे गठ्ठे बांधून गावोगाव जायचे. एकदा तिची मागची नळी तुटली, तेव्हा लोहाराने पितळ वितळवून ती जोडली आणि सायकल पुढे कितीतरी वर्षे चालली. पोलादाचा स्वभावच तसा आहे. एका मर्यादेच्या आतला ताण ते लाखो वेळा सहन करते. अॅल्युमिनियम हलके असते, गंजून गळत नाही. पण त्याला अशी मर्यादा नाही. प्रत्येक हादरा त्याच्या खात्यावर जमा होत राहतो. म्हणून जुनी अॅल्युमिनियम फ्रेम घेताना ती दिसते कशी यापेक्षा चालली किती, हे विचारावे लागते. 1951 साली सोनिपतला सुरू झालेल्या अॅटलस कंपनीचा साहिबाबादचा शेवटचा कारखाना 3 जून 2020 रोजी बंद पडला, त्या दिवशी नेमका जागतिक सायकल दिन होता. अब्बांची सायकल मात्र आजही आमच्या मागच्या ओसरीत उभी आहे.

आता पैशांचे. मी अंशतः अनुदानित शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. अशा शाळेतला पगार किती आणि तो कधी होतो, हे वाचकांपैकी अनेकांना माहीत असेल. त्यात मुलीची वसतिगृहाची फी आणि अम्मीची औषधे. पत्नीने हिशेबाची वही पुढे ठेवली आणि सांगितले, "दहा हजार. त्याच्या वर एक रुपया नाही." दहा हजारांत पूर्ण सायकल बदलणे शक्य नव्हते. चाके, गिअर, ब्रेक, हँडल सगळे धडधाकट होते. म्हणजे फक्त फ्रेम बदलायची.

हे वाटते तितके सोपे नाही. नुसत्या फ्रेमची किंमत पाहून कुणी फसू नये म्हणून इथे सविस्तर लिहितो. आपल्याकडचे सुटे भाग नव्या फ्रेमला बसले नाहीत तर आठ हजारांची फ्रेम वीस हजारांत पडते. मी मोजपट्टी घेऊन बसलो आणि सायकलचे एकेक माप वहीत उतरवले. मागच्या चाकाच्या हबला 130 मिलिमीटरची जागा लागते. डिस्क ब्रेकच्या फ्रेममध्ये ती 135 किंवा 142 असते, म्हणजे माझे चाक तिथे बसणार नाही. माझे ब्रेक रिमवर दाबणारे, म्हणून डिस्कची फ्रेम तसेही बाद. सीटचा दांडा 27.2 मिलिमीटर जाडीचा. बीबी आट्यांची, 68 मिलिमीटर रुंदीची. अलीकडच्या काही फ्रेममध्ये ती आटे नसलेली, दाबून बसवायची असते. आणि सगळ्यात सहज विसरली जाणारी गोष्ट म्हणजे पुढच्या फोर्कची उभी दांडी. ती पहिल्या फ्रेमच्या मापाने कापलेली असते. नव्या फ्रेमची हँडलखालची नळी जरा जरी लांब निघाली तर जुना फोर्क तोकडा पडतो. म्हणून फ्रेम फोर्कसकटच घ्यायची, असे ठरवले.

त्यानंतर अंगाचे माप. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहायचे, शाळेच्या हजेरीसारखे जाड पुठ्ठ्याचे पुस्तक दोन्ही पायांच्या मध्ये सीटसारखे वर दाबून धरायचे आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचे. माझे माप 80 सेंटिमीटर भरले. त्याला 0.67 ने गुणले की फ्रेमचा अंदाजे आकार निघतो, तो आला 53.6, म्हणजे 54. माझी तडा गेलेली फ्रेम 56 ची होती. चार वर्षे माझी मान दुखत होती, तळहात बधिर व्हायचे आणि मी ते वयाच्या खात्यावर टाकत होतो. हा गुणाकार फक्त अंदाजासाठी आहे. वरची दांडी उतरती असेल तर आकड्यावर न जाता बसून पाहावे आणि हँडल किती लांब पडते ते बघावे. सीट आणि हँडल थोडे पुढे-मागे करता येते. पण मुळात मोठी असलेली फ्रेम लहान होत नाही.

आता निवड. कुणीतरी तेरा हजारांना जुनी कार्बन फायबरची फ्रेम देत होता, पिसासारखी हलकी. पण कार्बनच्या आत मार लागलेला असला तरी वरून काही दिसत नाही, आणि रंगाखाली काय असते ते मी नुकतेच पाहिले होते. नवी अॅल्युमिनियमची फ्रेम अकरा हजारांना मिळत होती, पण डिस्क ब्रेकची. तिला चाके आणि ब्रेक नवे लागले असते. तिसरी पुण्यात एका निवृत्त गृहस्थांकडे होती. क्रोमोली पोलादाची, 54 ची, फोर्कसकट, रिम ब्रेकची, मागे कॅरियर लावायला भोके असलेली. किंमत दहा हजार. माझ्या फ्रेमपेक्षा ती सुमारे सातशे ग्रॅम जड होती. मी हिशेब केला. मी, सायकल आणि पाणी मिळून 86 किलो. त्यात सातशे ग्रॅम म्हणजे एक टक्काही नाही. शंभर मिनिटांच्या चढाला एक मिनिट जास्त लागेल. मला शर्यत जिंकायची नाही. माझे स्वप्न दोनशे किलोमीटरच्या 'बीआरएम'चे आहे, त्याला साडेतेरा तास मिळतात.

अडचण एवढीच की केबल, नवी बीबी, मजुरी धरून खर्च बारा हजारांवर जात होता. नेमक्या त्याच आठवड्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. आता तो कॉलेजात आहे, सायकलचे वेड त्याला माझ्यामुळेच लागले. म्हणाला, "सर, तुम्ही फ्रेम बदलताय म्हणे. जुनी मला द्या ना. अडीच हजार देतो." मेकॅनिकने खरवडलेली जागा खालच्या बाजूला होती, वरून दिसत नव्हती. फ्रेम भिंतीला टेकून उभी होती आणि तिचा निळा रंग अजून चमकत होता.

मी त्याला लगेच नाही म्हटले नाही, हे कबूल करतो. "बघू, सांगतो," म्हटले. मनात नाना विचार आले. तो काही घाट उतरणार नाही. गावातल्या गावात फिरवेल. वेल्डिंग करून दिले तर चालेलही. रात्री पत्नीला सांगितले. तिने एवढेच विचारले, "तडा दाखवला का त्याला?" मी दुसऱ्या विषयावर गेलो.

रविवारी एसटीने पुण्याला गेलो. त्या गृहस्थांनी चहा दिला, फ्रेम गॅलरीत उजेडात आणून ठेवली आणि मी काही विचारायच्या आत बोट ठेवून म्हणाले, "हे आधी बघा. वरच्या दांडीला इथे पोचा आहे. माझ्या हातून भिंतीवर आदळली होती. तडा नाही, पण पोचा आहे. पाचशे कमी द्या."

तरीही शिकून गेलो होतो तसे सगळे तपासले. जुन्या बनियनचे कापड प्रत्येक जोडावरून फिरवले, कुठे धागा अडकतो का पाहिले. सीटच्या नळीत आणि बीबीच्या भोकात टॉर्च मारून गंज बघितला. मागच्या चाकाच्या एका खाचेला दोरा बांधला, तो हँडलखालच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणला आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचे अंतर मोजले. दोन्हीकडे सारखे, म्हणजे फ्रेम वाकलेली नाही. बीबीखाली कोरलेला नंबर त्यांच्या पिवळ्या पडलेल्या बिलाशी जुळवला. चोरीची वस्तू स्वस्त मिळाली म्हणून ती आपली होत नाही, तेव्हा जुन्या सायकलचे बिल मागायला लाजू नये. त्या गृहस्थांना माझ्या तपासण्याचा राग आला नाही, उलट दोऱ्याचे एक टोक त्यांनीच धरले.

परतीच्या एसटीत फ्रेम पोत्यात गुंडाळून पायाशी ठेवली होती. मी त्यांच्या त्या बोटाचा विचार करत होतो. ते पोच्याबद्दल बोलले नसते तर मी तो पाहिलाच असता आणि मग प्रत्येक जोडाचा संशय घेतला असता. मालातला ऐब गिऱ्हाइकाला आधी सांगावा, हे आपण लहानपणी मदरशात ऐकलेले असते. मुलांना मीही सांगतो. मराठीत 'खोट' म्हणजे दोष आणि 'खोटं' म्हणजे असत्य, एका टिंबाचा फरक, असे वर्गात फळ्यावर लिहिलेलेही आहे. वस्तूत खोट असणे हा गुन्हा नाही. ती झाकली की टिंब पडते. ज्या तरुणाचा मला चार महिने राग येत होता, त्याच्या आणि माझ्या 'बघू, सांगतो'मध्ये अंतर किती होते?

दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्याला बोलावले. फ्रेम उलटी करून तडा दाखवला. तो म्हणाला, "सर, दोन हजारांत द्या, वेल्डिंग करून घेतो." बघा, दोष सांगूनही काम संपत नाही कधी कधी. वीस वर्षांच्या मुलाला पडण्याची भीती नसते. मी करवत आणली आणि त्याच्याच हातात एक टोक देऊन तिरकी नळी कापली. भंगारात त्या फ्रेमचे दोनशे रुपयेही आले नाहीत. कमी पडलेले पैसे पत्नीने भिशीतून दिले, वहीत माझ्या नावावर मांडून. मजुरीसाठी मेकॅनिक एक महिना थांबले. फ्रेम साडेनऊ हजार, बीबी सातशे, केबल सहाशे, मजुरी आठशे, सामानाचे भाडे दीडशे. एकूण अकरा हजार सातशे पन्नास. माझे एसटीचे तिकीट त्यात धरलेले नाही.

तड्याचा तुकडा मी भंगारात दिला नाही. तो शाळेत माझ्या टेबलावर असतो. मुले हातात घेतात, नखाने रेघ चाचपतात आणि विचारतात, "सर, हे बाहेरून दिसत नव्हतं?"

तो विद्यार्थी आता एका जुन्या पोलादी सायकलच्या शोधात आहे. त्याच्या पायाचे माप मीच हजेरीचे पुस्तक धरून घेतले आहे. नवी फ्रेम येरमाळ्याच्या घाटात माझ्याकडून थोडा जास्त घाम काढते, पण मान दुखत नाही आणि 'कट' असा आवाज येत नाही. पोचा आहे तिथेच आहे. कुणी विचारले तर दाखवतो.