बाद फेरीचं माहात्म्य

गंगापूर रोड, नाशिक

चि. ऋचास,


तुझं पत्र पोचलं. लीड्सला जाऊन तू क्रिकेट सोडून रग्बी लीगच्या नादी लागलीस, हे दादाला अजून पचलेलं नाही. माझं काही म्हणणं नाही. पण चॅलेंज कपवरची तुझी तक्रार मात्र पटली नाही. एक दुपार वाईट गेली आणि आमच्या संघाची अख्खी स्पर्धा संपली, हा कुठला न्याय, असं विचारतेस. अगं, बाद पद्धतीत न्याय शोधायचाच नसतो. आणि महाराष्ट्राच्या माणसाने तर तिला नावं ठेवूच नयेत.

रणजी करंडक १९३४ साली सुरू झाला तो बाद पद्धतीनेच. पहिला सामना ४ नोव्हेंबरला चेपॉकवर मद्रास आणि म्हैसूर यांच्यात झाला आणि त्याच दिवशी निकालातही निघाला. एका दिवसात म्हैसूरचा वर्षाचा हंगाम आटोपला! गंमत म्हणजे आपला सुवर्णकाळ याच निष्ठुर पद्धतीतला. १९३९-४० मध्ये पुण्यात संयुक्त प्रांताला दहा गडी राखून हरवून महाराष्ट्राने करंडक पहिल्यांदा घेतला. कर्णधार दि. ब. देवधर, एरवी एस. पी. कॉलेजात संस्कृत शिकवणारे. त्याच हंगामात विजय हजारेंनी पुण्यातच बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ केल्या. पुढे ते बडोद्याकडूनच खेळायला लागले, तो भाग वेगळा.

खरी मजा पुढच्या वर्षीची. पुण्यात समोर मुंबई. सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात ज्याची आघाडी तो पुढे, दुसरा घरी. आपण ६७५ केल्या. त्यात एकट्या देवधरांच्या २४६, आणि तेव्हा ते पन्नाशीला टेकलेले! एवढा डोंगर रचल्यावर कोणीही निवांत झोपला असता. पण मुंबईने उत्तरादाखल ६५० केल्या. म्हणजे सव्वातेराशे धावा होऊन फरक काय, तर पंचवीस. एक झेल सुटला असता, एखादी जोडी अर्धा तास जास्त टिकली असती, तर देवधरांच्या त्या खेळीची आज कोणी आठवणही काढली नसती. पुढे अंतिम सामन्यात मद्रासला मद्रासमध्येच सहा गडी राखून हरवलं आणि करंडक सलग दुसऱ्यांदा आपल्याकडे राहिला.

१९५७-५८ पासून विभागवार साखळी आली. त्याच्या पुढच्याच हंगामापासून मुंबईने ओळीने पंधरा वेळा करंडक नेला. सगळं खापर साखळीवर फोडत नाही. मुंबईकडे माणसंच तशी होती, आणि बाद पद्धतीतही ती काही कमी जिंकली नव्हती. पण साखळीत बलाढ्य संघाला चूक सुधारायला सवड मिळते. आपल्यासारख्यांना हवी असते ती त्याची एखादीच वाईट दुपार.

जानेवारी २०१४ मध्ये ती मिळाली. वानखेडेवर उपांत्यपूर्व सामना. पहिल्या डावात मुंबई ४०२, आपण २८०. साखळी सामना असता तर तिथेच गुणांची बेरीज-वजाबाकी सुरू झाली असती. पण दुसऱ्या डावात मुंबई १२९ धावांत गारद झाली आणि केदार जाधव (नाबाद १२०) व विजय झोल (नाबाद ९१) यांनी दोनच गडी गमावून २५२ काढून दिल्या. अंतिम सामन्यात कर्नाटकने आपल्याला हरवलं. १९४१ नंतर करंडक नाही तो नाहीच.

इथे रणजीचा सामना असला की गोल्फ क्लबवर, म्हणजे अनंत कान्हेरे मैदानावर, सकाळी फिरायला आलेली मंडळी हमखास रेंगाळतात. आपला सत्यजित बच्छाव गोलंदाजीला आला की चर्चेला ऊत येतो. पण बोलणं ऐकशील तर सगळं गुणांचं. अमक्याने तमक्याला हरवलं तर आपण वर जातो, पण बोनस गुण मिळाला तरच. त्यापेक्षा इथल्या पोरांची रविवारची टेनिस बॉलची बाद स्पर्धा बघ. चिठ्ठ्या टाकताना 'बाय' कोणाला मिळाला यावरूनच निम्मी भांडणं, आणि पहिल्या फेरीत हरलेले संध्याकाळपर्यंत सीमारेषेवर बसून, ज्यांनी हरवलं त्यांच्याच नावाने ओरडतायत.

तुमच्या कपाचं म्हणशील, तर १८९७ चा पहिला अंतिम सामना तुझ्या लीड्समध्येच, हेडिंग्लेवर झाला. जिंकलं कोण, तर बॅटली. गिरण्यांचं लहानसं गाव. सेंट हेलन्सला १०-३ ने हरवलं. बॅटलीचं मैदान म्हणे चांगलंच उतरतं आहे. तुला तिथून फार लांब नाही. एखादा सामना बघून ये, आणि नाणेफेक जिंकणारा आधी उताराची बाजू घेतो की चढाची, तेवढं विचारून कळव.

तुझा,
काका