दोन नंबरचा स्लॉट

गणपतीत कऱ्हाडला गेलो तर आमचा २००९ सालचा कॉम्प्युटर नुसता लांब लांब बीप देत होता. स्क्रीन काळी. अप्पांनी आठवडाभर कुणाला हात लावू दिला नव्हता, मी येणार म्हणून.

मी लॅपटॉपचा विषय काढला. ते गप्प बसले. त्या डब्यात त्यांच्या भजनी मंडळाचे सगळे अभंग आहेत, शिवाजी फॉन्टमध्ये टाइप केलेले. माझ्या फोनवर ती फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. युनिकोडमध्ये बदलता येईल, पण मग एकेक जोडाक्षर तपासत कोण बसणार? आणि एक्सपीचे अपडेट २०१४ मध्येच थांबले, म्हणून नेटची वायर मीच काढून ठेवलीय.

मग कॅबिनेट उघडलं. प्लग काढला, रॅम काढली, तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरानं घासल्या, परत बसवली. एक छोटा बीप, आणि एक्सपी चक्क सुरू! तिथंच थांबलो असतो तर हिरो ठरलो असतो. तासाभरात निळी स्क्रीन आली. रात्री पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट लावून झोपलो. तो मेमरीच्या घराघरात ठरावीक आकडे लिहितो आणि तेच परत येतात का ते वाचून बघतो. सकाळी स्क्रीनभर लाल ओळी. (कामावर मेमरी कमी पडली तर मी एक आकडा बदलतो आणि चहाला जातो.)

पुण्यात तपकीर गल्लीत एकानं ड्रॉवरमधून जुन्या डीडीआर२ काढल्या, २ जीबीच्या दोन. मी एकच घेतली.

"दोन्ही न्या की, बोर्डाला ४ जीबी चालते."

चालते. पण आमच्या बोर्डाचा दोन नंबरचा स्लॉट मेलाय, आणि तो कसा मेला ते फक्त मला माहीत होतं.

नववीत गेम अडकायचा म्हणून मित्राकडून रॅम आणली होती. ती निघाली डीडीआर३. पिना दोन्हींना २४०च, लांबीही तीच, पण मधली खाच वेगळ्या जागी. चुकीची रॅम बसूच नये म्हणून. मी अंगठ्यानं दाबत राहिलो. कडकन आवाज आला. रिपेअरवाला म्हणाला, व्होल्टेजचा प्रॉब्लेम असेल. दुसऱ्याच दिवशी अप्पा स्टॅबिलायझर घेऊन आले. त्या महिन्यात त्यांनी स्वतःचे बूट घ्यायचे पुढं ढकलले. मी काही बोललो नाही. तो स्टॅबिलायझर अजून टेबलाखाली गुरगुरतो.

दिवाळीत रॅम घेऊन गेलो. अप्पा बॅटरी धरून शेजारी उभे. एसटीच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं इंजिनं उघडलेला माणूस. मी रॅम पहिल्या स्लॉटवर धरली.

"आधी खाच बघितलीस का?"

मी मान वर केली नाही.

"बघितली, अप्पा."

"मग दाब आता."