दिवे बंद करा रे!

आमच्या विंगमध्ये दोनच पक्ष आहेत. एक भुताचा आणि दुसरा मारामारीचा. शनिवारी रात्री मेसमधून परत आलो की मतदान. मतं समान पडली तर नाणं उडवायचं. रोमँटिक सिनेमाला आजवर एकदाच एक मत पडलंय आणि ते कुणाचं हे सगळ्यांना माहीत आहे. तो मतदार पिक्चर चालू असताना गॅलरीत फोनवर बोलत फेऱ्या मारत असतो.

आमचं थिएटर म्हणजे सिव्हिलच्या एकाचा छोटा प्रोजेक्टर, खोलीतली समोरची भिंत (चादर लावून बघितली, पण हॉस्टेलमध्ये पांढरी चादर पांढरी राहत नाही), दोन स्पीकर आणि त्यातला एक खरखरणारा. माणसं सोळा, गाद्या नऊ. सबस्क्रिप्शन ज्याचं चालू असेल त्याचं. आणि आमच्याकडे नावाने कुणी हाक मारत नाही, गावाने मारतात. त्यामुळे या लेखात नागपूरकर, कोकणकर, कराडकर अशीच मंडळी भेटतील.

मी काही समीक्षक नाही. ईअँडटीसीचा साधा विद्यार्थी आहे. पण गेल्या दोन सेममध्ये जे पाहिलं त्यावर रात्री दीड-दीड वाजेपर्यंत एवढी भांडणं झाली की ती कुठेतरी लिहून ठेवावीशी वाटली. संपादक म्हणाले, "काहीही लिही, पण वेळेत दे." म्हणून हा उद्योग.

आधी मारामारी.

'किल' (२०२४) बघितला. निखिल नागेश भट याचा दिग्दर्शक. दिल्लीला निघालेली राजधानी एक्सप्रेस, त्यात शिरलेले दरोडेखोर आणि त्याच गाडीत एक कमांडो. बस्स, एवढीच गोष्ट. गंमत म्हणजे सिनेमाचं नाव पडद्यावर येतं ते जवळजवळ अर्धा पिक्चर झाल्यावर, आणि ते आलं तेव्हा आमच्या खोलीत शिट्ट्या पडल्या. मला त्यात आवडली ती जागा. डब्यातली मधली वाट एवढी अरुंद की दोन माणसं एकमेकांना ओलांडायची तर एकाने बर्थवर टेकावं लागतं. तिथे हात मागे नेऊन ठोसा मारायला जागाच नाही. म्हणून सगळी मारामारी कोपराने, गुडघ्याने, डोक्याने. सुट्टीला घरी जाताना आपण सगळेच असल्या वाटेतून बॅग ओढत गेलोय, त्यामुळे प्रत्येक फटका जरा जास्तच लागतो.

नागपूरकराचं म्हणणं, तासाभरानंतर तेच ते होतं, जिममध्ये कुणी सेट मोजत बसल्यासारखं. थोडं खरं आहे. पण एक गोष्ट बघा. यातले दरोडेखोर एकमेकांचे नातेवाईक आहेत. कुणाचा काका मरतो, कुणाचा भाऊ. ते थांबतात, रडतात, मग पुन्हा चिडून येतात. एरवी आपल्या पिक्चरमध्ये हीरो चाळीस माणसं उडवतो आणि त्या चाळिसांना घरदार नसतंच. इथे मेलेल्या गुंडासाठीही कुणीतरी रडतंय. त्यामुळे टाळ्या वाजवता वाजवता हात जरा अडखळतात.

मग मतदान न घेता थेट 'मॅड मॅक्स : फ्युरी रोड' (२०१५) लावला. जॉर्ज मिलरचा हा सिनेमा म्हणजे दोन तास वाळवंटात गाड्यांचा पाठलाग. मेकॅनिकलवाल्यांनी तर प्रत्येक गाडीवर व्हायवा घेतला. पण मला सांगायचंय ते एडिटिंगबद्दल. मार्गारेट सिक्सेल या बाईंनी याआधी एकही अॅक्शन सिनेमा एडिट केला नव्हता. त्यांच्यापुढे सुमारे ४८० तासांचं चित्रण होतं, त्यातून त्यांनी दोन तास काढले आणि ऑस्कर घेतलं. सिनेमात साधारण २७०० कट आहेत. १२० मिनिटं म्हणजे ७२०० सेकंद, भागिले २७००, म्हणजे सरासरी पावणेतीन सेकंदांहून कमी वेळात एक कट! तरीही डोकं गरगरत नाही. कारण महत्त्वाची गोष्ट बहुतेक वेळा चौकटीच्या मधोमध ठेवलेली आहे. कट झाला तरी डोळ्यांना शोधाशोध करावी लागत नाही. आपल्याकडे कित्येक पिक्चरमध्ये कॅमेरा नुसता हलवतात. कोण कुणाला मारतंय हे सीन संपल्यावर कळतं. माझं स्पष्ट मत : मारामारी दिसली पाहिजे. कोण कुठे उभा आहे, दार कुठे आहे, हत्यार कुणाच्या हातात आहे हे कळलं की मगच छाती धडधडते.

भुताचं बरोबर उलटं. भूत जेवढं कमी दिसेल तेवढं चांगलं.

याचं जुनं उदाहरण म्हणजे स्पीलबर्गचा 'जॉज' (१९७५). त्यात शार्कची यंत्रं केली होती आणि ती समुद्राच्या खाऱ्या पाण्यात सारखी बंद पडायची. (प्रोजेक्ट सबमिशनच्या दिवशी आपलं सर्किट बंद पडतं, तसंच.) मग करायचं काय? शार्क दाखवायचाच नाही. नुसतं पाणी, पोहणाऱ्यांचे पाय आणि जॉन विल्यम्सचं ते दोन सुरांचं संगीत. पिक्चर अर्ध्याहून जास्त होईपर्यंत शार्क नीट दिसतच नाही, आणि लोक अजून समुद्रात उतरताना त्याची आठवण काढतात.

'मुंज्या' (२०२४) बघताना हे फार जाणवलं. आदित्य सरपोतदारचा सिनेमा, कोकणातली गोष्ट. आमच्या कोकणकराने आधीच सगळ्यांना समजावून ठेवलं होतं की मुंज होऊन सोडमुंज व्हायच्या आत जो मुलगा मरतो त्याचा मुंजा होतो आणि तो पिंपळावर बसतो, असं गावाकडे मानतात. तो सांगत होता तेव्हा लाइट गेले होते आणि खिडकीबाहेर काहीतरी वाजत होतं. तेव्हा जी भीती वाटली ती पिक्चरमध्ये मुंज्या समोर येऊन नाचायला लागल्यावर कुठल्या कुठे पळाली. मग आम्ही हसलो, खूप हसलो. पिक्चर मस्तच आहे, पण घाबरायचं काम कोकणकरानेच केलं. 'स्त्री २' (२०२४)चंही तेच. सोळा जणांत बघायला धमाल, पण एकट्याला पॅसेजच्या टोकाच्या बाथरूमला जाताना त्याची आठवण येत नाही. माझी कसोटी हीच आहे. बाथरूमला जाताना सोबत कुणाला तरी न्यावं लागलं तर पिक्चर पास, नाहीतर केटी.

या कसोटीवर 'तुंबाड' (२०१८) डिस्टिंक्शनमध्ये पास झाला. राही अनिल बर्वेने त्यावर कितीतरी वर्षं घालवली. सतत पडणारा पाऊस, पडका वाडा आणि हाव. नारायण धारप वाचलेल्या माणसाला तर पहिल्या वीस मिनिटांतच ओळखीचा काटा येतो. २०१८ मध्ये थिएटरला फार गर्दी झाली नव्हती. २०२४ मध्ये पुन्हा लावला तेव्हा मात्र पहिल्या खेपेपेक्षा जास्त धंदा केला. चांगल्या पिक्चरचीसुद्धा एटीकेटी निघते तर! तिथे माणसं भुतामुळे मरत नाहीत, सोन्याच्या मोहरा हव्यात म्हणून मरतात. भूत आपलं विहिरीखाली गप्प बसलेलं असतं, हेच तिकडे उतरतात.

आता ज्या पिक्चरसाठी हा लेख खरं तर लिहायला घेतला तो. 'लपाछपी' (२०१७). विशाल फुरियाचा मराठी सिनेमा. पुढे यावरूनच त्यानेच हिंदीत 'छोरी' (२०२१) केला. एक गरोदर बाई नवऱ्याबरोबर उसाच्या फडाच्या मधोमध असलेल्या एका घरात येऊन राहते. पूजा सावंत आणि उषा नाईक, दोघींचीही कामं जबरदस्त. शेवट सांगत नाही. विशेष म्हणजे यातली बरीच भीती भर दिवसा आहे. वरती लख्ख ऊन आणि चारी बाजूंनी डोक्यापेक्षा उंच ऊस.

माझा रूममेट कराडकर. याचं बालपण उसात गेलं. सुरुवातीला पठ्ठ्या सगळ्यांची टर उडवत होता. "अरे उसात कसलं भूत? उसात बिबट्या असतो, साप असतो. पाणी पाजायला रात्री लाइट येते तेव्हा जा एकदा, मग कळंल." सगळे हसत होते. मग पिक्चर पुढे गेला आणि कळायला लागलं की ही गोष्ट भुताची नाहीच, जन्मायच्या आत मारलेल्या मुलींची आहे. हळूहळू त्याचं बोलणं बंद झालं. संपल्यावर दिवे लावले तर हा खोलीत नाही. गॅलरीत फोनवर होता.

दुसऱ्या दिवशी चहा घेताना त्याने आपणहून सांगितलं. त्याला तीन मोठ्या बहिणी. तिसरी झाली तेव्हा घरच्यांनी तिचं नाव ठेवलं नकुसा. म्हणजे नको असलेली. पुढे २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींची नावं सरकारी कार्यक्रम करून बदलली, त्यात हिचंही बदललं. शाळेच्या दाखल्यावर नवीन नाव लागलं. घरात मात्र अजून सगळे 'नकू'च म्हणतात. तोही म्हणायचा, लहानपणापासूनची सवय, अर्थ कधी मनात आलाच नव्हता. त्या रात्री साडेबाराला त्याने तिला फोन केला आणि पहिल्यांदा दाखल्यावरच्या नावाने हाक मारली.

मी विचारलं, "काय म्हणाली मग?"

"म्हणाली, एवढ्या रात्री? पैसे संपले काय रे?"

तो हसला, मीही हसलो. मग जरा वेळ कुणीच काही बोललो नाही. तिचं नवीन नाव त्याने मला सांगितलंय, पण इथे छापायचं नाही अशी त्याची अट आहे.

त्यानंतर मी बराच विचार केला. हाच पिक्चर मी एकट्याने इअरफोन लावून मोबाइलवर बघितला असता तर "चांगला आहे, शेवट जरा लांबलाय" एवढं म्हणून झोपलो असतो. शेजारी कराडकर बसला होता म्हणून मला तो पूर्ण दिसला. कोकणकर होता म्हणून मुंजा कळला. 'किल' बघताना नागपूरकर कुरकुरला नसता तर दरोडेखोर का रडतात हे मला सुचलंच नसतं. पडद्यावर सगळ्यांना तेच दिसतं, पण प्रत्येकाची भीती आपापल्या गावाहून आलेली असते. हॉस्टेलमध्ये ती एका खोलीत गोळा होते, हा मेसच्या बिलात न लागणारा फायदा आहे.

आणि हल्ली तोच कमी होत चाललाय. आमच्याच मजल्यावर शनिवारी रात्री फिरून बघा, प्रत्येक खोलीत तीन कॉट, तीन स्क्रीन आणि तीन इअरफोन. एकाच खोलीत तिघं तीन वेगवेगळ्या भुतांना एकेकटे घाबरतायत. पुढच्या वर्षी आम्ही फायनल इयरचे पांगणार, प्रोजेक्टर त्याच्या मालकाबरोबर जाणार. ज्युनिअर मित्रांनो, प्रोजेक्टर नसला तरी एक लॅपटॉप आणि चार टाळकी पुरतात. रेक्टर सरांना मात्र एक विनंती : सर, शनिवारी टीव्ही रूम अकराऐवजी साडेबाराला बंद केलीत तर आमच्या भिंतीवर टॉर्च मारत यायचा आपला त्रासही वाचेल.

पुढच्या शनिवारी मामुटीचा 'भ्रमयुगम' (२०२४). अख्खा ब्लॅक अँड व्हाइट आहे, भाषा मल्याळम, सबटायटल्स वाचावी लागतील. जेवण करून या, उशी आपापली आणा, आणि शेवटी येईल त्याने दिवे बंद करा.