शेवटचे वाक्य

आमच्या शुक्रवार पेठेत पावसाची चौकशी एकाच प्रश्नाने होते : "उजनी किती टक्के?" वर्षाकाठी बेताचाच पाऊस पडणारे हे गाव; आणि धरण भरायचे तेही पुण्याकडच्या डोंगरांतल्या पावसावर. तेव्हा आकाशाकडे पाहण्यापेक्षा वर्तमानपत्रातला आकडा पाहणे आम्हांला सोयीचे. उन्हाळ्यात पारा त्रेचाळिसाच्या घरात गेला की मात्र आम्ही हवामानावर तावातावाने बोलतो. जणू ते महानगरपालिकेच्याच अखत्यारीतले आहे.

पण आमच्या घरात एक माणूस असे होते, की ज्याचे हवामान सोलापूरचे नव्हतेच. ते म्हणजे माझी आई. तिचे माहेर देवगडचे. वडील गिरणीतल्या नोकरीपायी इकडे आले आणि त्यांच्यामागून ती आली. कडक भाकरी आणि शेंगांची चटणी ती इथल्या बायकांच्या तोडीची करू लागली. पण सकाळच्या प्रादेशिक बातम्यांत हवामानाचा अंदाज सुरू झाला, की तवा उतरवून ती रेडिओपाशी येऊन बसे. आधी कोकण-गोवा, मग मध्य महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ. कोकणाचे वाक्य ती जीव एकवटून ऐके. आमचे सोलापूर ज्यात येते त्या मध्य महाराष्ट्राच्या वेळी खुशाल पदराने घाम पुशी. आणि मच्छीमारांसाठी काही इशारा आहे का, हे कळेपर्यंत जागची हलत नसे. पुढे धाकट्या बहिणीलाही देवगडलाच दिली. दाजींची स्वतःची लहानशी होडी. मग तर आईचे हे ऐकणे पोथी ऐकण्यासारखेच झाले.

मी शाळेत भूगोल शिकवतो. साहजिकच आईला शिकवण्याचा मोह मला आवरत नसे. मी तिला सांगितले, "अगं, 'तुरळक ठिकाणी' या शब्दालाही माप आहे. विभागातल्या शंभर केंद्रांपैकी पंचविसांपर्यंत पाऊस पडला तर तुरळक. पन्नासांपर्यंत पडला तर काही ठिकाणी. १८७५ सालापासूनचे खाते आहे ते, उगीच शब्द वापरत नाही." आईने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "ज्याच्या कौलांवर पडतो, त्याला तुरळक कसला?"

२०१९ सालच्या दिवाळीत अरबी समुद्रात 'क्यार' नावाचे चक्रीवादळ उठले. आधी ते कोकणच्या रोखाने सरकले. बंदराबंदरांत होड्या परतल्या. दाजींनीही आपली होडी आत आणली. दिवाळीच्या तोंडावर हात रिकामे राहिले. मग वादळ वळले आणि पश्चिमेला निघाले. शनिवारी, २६ ऑक्टोबरला, संध्याकाळी बहिणीचा फोन आला.

"दादा, वादळ गेलं ना रे? हे पहाटे जाळी टाकून येऊ म्हणतात. सणाला चार पैसे होतील."

मी नुकत्याच बातम्या ऐकल्या होत्या. म्हणजे वादळ ओमानकडे निघाले आहे, एवढे ऐकून रेडिओ बंद केला होता. मी म्हणालो, "गेलं. तासातासाला लांब जातंय. जाऊ दे त्यांना."

फोन ठेवला तर दारात आई उभी. "बावटो उतरलो काय?" तिने विचारले. एरवी ती घरात सोलापूरचेच बोले. घाबरली की माहेरची भाषा यायची. मी हसून म्हणालो, "आई, वादळ तिकडे ओमानला निघालंय!" तिने बहिणीला फोन लावला, तो लागेना. रात्रभर लागला नाही.

दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी होते. अभ्यंगस्नाने उरकली, फराळ झाला. दुपारी फोन लागला. दाजी पहाटे गेले होते. अकराला यायचे, ते आले नव्हते. त्याच दिवशी क्यारने महाचक्रीवादळाचे रूप घेतले. २००७ सालच्या 'गोनू'नंतर अरबी समुद्रात एवढे मोठे वादळ झाले नव्हते. ते किनाऱ्यापासून दूर होते, हे खरेच. पण वारा जिथल्या तिथे राहतो, त्याने उठवलेल्या लाटा शेकडो मैल चालत जातात. वर आभाळ निवळते आणि खाली समुद्र खवळलेलाच असतो. हे मी दरवर्षी मुलांना फळ्यावर आकृती काढून समजावतो.

संध्याकाळी पेठेत फटाके वाजू लागले. आईने पाट मांडला, लक्ष्मीपुढे समई लावली आणि रेडिओपाशी जाऊन बसली. बातम्या लागल्या, वादळ ओमानकडे जात असल्याचे सांगून झाले, आणि मग ते वाक्य आले : मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. तेच वाक्य आदल्या दिवशीही असणार. आईने माझ्याकडे पाहिले नाही. पाहिले असते तर बरे झाले असते.

रात्री साडेआठला फोन आला. दाजींच्या होडीत पाणी शिरून इंजिन बंद पडले होते, जाळी गेली, दुसऱ्या एका होडीने ओढत बंदरात आणले. आई फोनवर एवढेच म्हणाली, "त्यांना ऊन ऊन पेज दे."

क्यार ओमानच्या किनाऱ्यावर चढलेच नाही. समुद्रातच विरून गेले. पुढे उन्हाळ्याच्या सुटीत देवगडला गेलो तेव्हा मी दाजींची क्षमा मागितली. ते जाळे विणत होते. मान वर न करता म्हणाले, तुम्ही नको म्हटले असते तरी मी गेलोच असतो. हे खरे, की मला बरे वाटावे म्हणून, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

आई जाऊन आता दोन वर्षे झाली. सकाळी रेडिओपाशी मी बसतो. मध्य महाराष्ट्र चालू असताना चहा पितो. परवा फराळाच्या डब्याबद्दल विचारायला बहिणीचा फोन आला. मी काही बोलायच्या आधीच विचारले, "बावटा उतरला का?"

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "उतरला रे. अगदी आईसारखं विचारलंस."