अंथरूण पाहून

'घर पाहावे बांधून' आणि 'लग्न पाहावे करून' या दोन अनुभवांच्या जोडीला आता 'संगणक पाहावा जुळवून' हा तिसरा अनुभव बसवायला हरकत नसावी. या तिन्ही कार्यांत आपले लक्ष दर्शनी गोष्टींकडेच आधी जाते. घराचा रंग डोळ्यांत भरतो, पाया दिसत नाही. लग्नातली रोषणाई दिसते, मांडवामागे चुलीशी राबणारा आचारी दिसत नाही. संगणकातला हा आचारी म्हणजे त्याच्या साऱ्या अवयवांना वीज वाढणारी पेटी. बाजारात तिला सगळे 'एसएमपीएस' म्हणतात.

वाचकहो, आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची आणि दर सेकंदाला ५० आवर्तने घेणारी असते. संगणकाच्या नाजूक अवयवांना ती जशीच्या तशी चालत नाही. ही पेटी तिचे रूपांतर करून १२, ५ आणि ३.३ व्होल्टची एकदिश वीज निरनिराळ्या तारांवाटे पुरवते. आधुनिक प्रोसेसराचे पोषण १२ व्होल्टच्या तारांवर होते. मदरबोर्डावरची मंडले ती वीज घेऊन आणखी कमी दाबाची करतात आणि मग प्रोसेसराच्या हवाली करतात.

आमच्यासारख्या मध्यमवर्गीय घरात दोन प्रोसेसरांचे यंत्र कशाला, असे आपण विचाराल. आमच्या अप्पांची दृष्टी काचबिंदूने जवळजवळ गेली आहे. सारे आयुष्य वाचनात घालवलेल्या माणसाला अंधारापेक्षाही पुस्तकांचा वियोग अधिक जाचतो. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या आणि जुन्या मासिकांचे बांधीव अंक त्यांना पुन्हा ऐकायचे आहेत. मी पाने स्कॅन करतो, 'टेसरॅक्ट' नावाची विनामूल्य प्रणाली त्यांतली मराठी अक्षरे ओळखते, सकाळी मी चुका दुरुस्त करतो आणि मग संगणक तो मजकूर अप्पांना वाचून दाखवतो. अनेक पाने एकाच वेळी ओळखायची असली की जितके हात तितके काम, हा न्याय येथे तंतोतंत लागू पडतो. म्हणून दिल्लीच्या बाजारातून १४ गाभ्यांचे दोन झिऑन प्रोसेसर असलेले एक वापरलेले यंत्र मी घेतले. सन २०१६ च्या पिढीतले हे प्रोसेसर आता पुष्कळ स्वस्त झाले आहेत.

यंत्र दिवसा सुतासारखे सरळ चाले आणि रात्री पानांचे काम लावले की तासाभरात बंद पडे. सकाळी अप्पा विचारीत, "अरे, पुढचे प्रकरण झाले का?" आणि मला "अजून नाही" असे सांगावे लागे. चार दिवसांनी त्यांनी विचारणेच सोडले. ते मौन मला अधिक लागले.

पेटी उघड्या डोळ्यांनी तपासल्यावर उलगडा झाला. विकणाऱ्याने बसवलेल्या त्या पेटीवर ६५० वॉट असे ठसठशीत छापलेले होते. खाली बारीक अक्षरांत १२ व्होल्टसमोर ३० अँपिअर असे लिहिले होते. दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार म्हणजे शक्ती. तेव्हा १२ गुणिले ३०, म्हणजे अवघे ३६० वॉट. उरलेली कुवत ५ आणि ३.३ व्होल्टच्या वाट्याला गेलेली, आणि तेथे आजच्या यंत्राची भूक फार थोडी. शिवाय दोन प्रोसेसरांच्या मदरबोर्डाला प्रत्येक प्रोसेसरासाठी ८ पिनांचा स्वतंत्र कनेक्टर लागतो. या पेटीला तो एकच होता, दुसरा हार्ड डिस्कच्या बारीक तारांना जोड लावून साधला होता. त्या तारा हाताला चांगल्याच गरम लागत होत्या.

आता खर्चाचे अंदाजपत्रक पाहा. प्रत्येकी १२० वॉटचे दोन प्रोसेसर, म्हणजे २४०. मदरबोर्डाला सुमारे ५०, रॅमच्या आठ पट्ट्यांना ४०, चार हार्ड डिस्कना ४०, सहा पंख्यांना ३० आणि साध्या ग्राफिक्स कार्डाला ३०. बेरीज ४३० वॉट होते आणि तिच्यातला बहुतेक भाग १२ व्होल्टवरच पडतो. दिवसा प्रोसेसर बहुतांशी आळसावलेले असतात, म्हणून निभत होते. रात्री दोघेही कंबर कसून उठले की ३६० चे अंथरूण तोकडे पडे. चालू होताना प्रत्येक हार्ड डिस्क क्षणभर सुमारे २४ वॉट ओढते, हेही ध्यानात ठेवावे.

नेहमीचा भार पेटीच्या कुवतीच्या निम्म्यापासून दोनतृतीयांशापर्यंत राहील, असे पाहणे शहाणपणाचे असते. म्हणून मी ७५० वॉटची पेटी निवडली. तिच्यावर १२ व्होल्टसमोर ६२ अँपिअर, म्हणजे ७४४ वॉट, लिहिलेले होते आणि ८ पिनांचे दोन कनेक्टर मूळचेच होते. "अहो, न दिसणाऱ्या डब्यावर एवढे पैसे?" असा प्रश्न घरातून आलाच. मोठी पेटी जास्त वीज खाईल, ही शंकाही आली. पण पेटी आपल्या अंगावर छापलेले वॉट ओढत नाही, यंत्र मागेल तेवढेच पुरवते आणि रूपांतरात जे वाया जाते त्याची भर घालते. ४३० वॉट देण्यासाठी ८० टक्के कार्यक्षमतेची पेटी भिंतीतून सुमारे ५३८ वॉट घेते, ९० टक्क्यांची ४७८. हा ६० वॉटांचा फरक रात्रीच्या आठ तासांत जवळजवळ अर्धा युनिट होतो. हा हिशेब मांडल्यावर घरची मंजुरी मिळाली.

आपणही अशा खरेदीला निघाला असाल, तर आणखी काही गोष्टी पाहाव्यात. पेटीची कुवत किती तापमानाला मोजली आहे ते विचारावे. २५ अंशांना दिलेले वचन उत्तरेच्या उन्हाळ्यात पाळले जाईलच असे नाही. काही मोठ्या कंपन्यांच्या तयार यंत्रांत पेटीचा आकार आणि कनेक्टर वेगळेच असतात, तेथे बाजारातली सामान्य पेटी बसत नाही. वीज गेल्यावर चांगली पेटी सोळा-सतरा मिलीसेकंद तग धरते आणि तेवढ्यात यूपीएसने भार उचलायचा असतो. यूपीएसवर लिहिलेले व्हीए म्हणजे वॉट नव्हेत. घरगुती ६०० व्हीएच्या पुष्कळ यूपीएसची खरी कुवत ३६० वॉटच असते. घरातले अर्थिंग ठीक आहे ना, हे वायरमनकडून तपासून घ्यावे. आणि पेटी स्वतः कधीही उघडू नये. तिच्यातले कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही काळ वीज धरून ठेवतात.

अंथरूण पाहून पाय पसरावे, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळते. संगणकाला ती शिकवता येत नाही. तो आपल्या गरजेइतके पाय पसरणारच, तेव्हा अंथरूणच मोजून घ्यायला हवे. नव्या पेटीनंतर आमचे यंत्र रात्रभर अखंड चालू लागले. अप्पांनी आता पुढच्या चार पुस्तकांची यादी मला तोंडी सांगून ठेवली आहे, आणि एखाद्या सकाळी दुरुस्तीला उशीर झाला तर तक्रारही ते मोठ्या हक्काने करतात.