टोमॅटोवरील डाग

सोलापुरातील एका जुन्या कापड व्यापाऱ्याच्या गच्चीवर गेली काही वर्षे टोमॅटोच्या आठ कुंड्या असतात. दुकान मुलाच्या हाती सोपवल्यावर अण्णांनी हा उद्योग मांडला. रोपे नेहमी त्याच एका रोपवाटिकेतून आणायची. तेथील मालकाशी वीस वर्षांचा घरोबा. यंदा दहा रोपे आली. आठ कुंड्यांत बसली आणि जागा नाही म्हणून उरलेली दोन जुन्या अर्ध्या पिंपात लावली गेली.

फेब्रुवारीच्या अखेरीस पहिली फळे लिंबाएवढी झाली आणि त्यांच्या तळाशी, देठाच्या नेमक्या विरुद्ध बाजूस, पाण्याने भिजल्यासारखा डाग दिसू लागला. चार-सहा दिवसांत तो तपकिरी झाला, मग काळा. चामड्यासारखा कडक आणि किंचित आत दबलेला.

घरात निदानास वेळ लागला नाही. रोपेच रोगट दिली, असे मुलाने ठरवले. अण्णांनी त्याच तिरीमिरीत रोपवाटिकावाल्याला फोन केला आणि वीस वर्षांत कधी न वापरलेले शब्द वापरले. सून संध्याकाळी कीटकनाशकाची बाटली घेऊन आली. फवारणी दुसऱ्या दिवशी सकाळी व्हायची होती.

ती थांबली आक्कांमुळे. भाजी चिरण्याआधी ती उलगडून पाहण्याची त्यांची सवय आयुष्यभराची. डागाळलेली चार फळे त्यांनी विळीवर चिरली आणि ताटात मांडली. “अहो, बघा तरी. छिद्र नाही, अळी नाही, विष्ठा नाही. मग हे औषध मारायचं ते कोणाला?”

प्रश्न बिनतोड होता. फळ पोखरणारी अळी आत शिरताना भोक पाडते; नागअळी पानावर पांढरट नागमोडी रेघा ओढते; पांढऱ्या माशीने विषाणू आणला तर पाने आकसून वर वळतात आणि झाड खुजे राहते. येथे यांपैकी एकही खूण नव्हती. पाने हिरवीगार होती. डाग होता तो फक्त फळावर आणि तोही फक्त तळाशी.

अण्णा मग हिशेबाचा घोळ शोधावा तसे एकेक झाड पाहू लागले. आठही कुंड्यांतील पहिल्या घोसावर डाग होते. पिंपातील दोन झाडांची फळे मात्र स्वच्छ. एकाच दिवशी, एकाच ठिकाणाहून आणलेली रोपे; दोष रोपांत असता तर पिंपाने ते का वाचवावेत?

या विकाराला इंग्रजीत ब्लॉसम एंड रॉट म्हणतात. हा जंतूंचा रोग नव्हे. एका झाडावरून दुसऱ्यावर तो जात नाही. फळ वाढत असताना त्याच्या तळापर्यंत पुरेसे कॅल्शियम पोहोचले नाही, की तेथील पेशी ढासळतात. कॅल्शियम मातीत बहुधा असतेच. ते झाडात पाण्याबरोबर चढते आणि ज्या पानांतून बाष्प अधिक उडते त्यांच्याकडे आधी जाते. फळाच्या वाट्याला उरलेले येते. माती एक दिवस कोरडी ठणठणीत आणि दुसऱ्या दिवशी चिखल झाली, तर हा पुरवठा खंडित होतो. लहान कुंडी सोलापूरच्या उन्हात दुपारपर्यंत सुकते. पिंपातील भरपूर माती ओल धरून ठेवते. नत्रयुक्त खताचा मारा झाला तर पालवी फोफावते आणि फळ आणखी उपाशी राहते.

मग घरातल्या घरातच जमाखर्च निघाला. अण्णा नऊ दिवस मुलीकडे पुण्याला गेले होते. मुलाने कधी दुकान बंद करून आल्यावर रात्री दोन बादल्या ओतल्या, कधी विसरला. परतल्यावर अण्णांनी भरपाई म्हणून प्रत्येक कुंडीत ओंजळभर युरिया टाकला. मुलाची चूक त्यांनी बोलून दाखवली. युरियाचे नाव आक्कांनी काढले.

कीटकनाशकाची बाटली सीलबंदच परत गेली. डागाळलेली फळे काढून टाकली, कुंड्यांवर वाळल्या पानांचे आच्छादन घातले आणि रोज सकाळी मापाने पाणी सुरू झाले. पुढच्या घोसांवरील फळे निर्मळ आली.

पुढे मार्चमध्ये दोन झाडांच्या अगदी खालच्या, जुन्या पानांवर तपकिरी ठिपके उमटले. त्यांत लाकडाच्या ओंडक्यावर दिसतात तशी एकात एक वलये आणि भोवती पिवळी कड होती. यावेळी निष्काळजीपणा महागात पडला असता, कारण हा खरा करपा, बुरशीचा, पसरणारा. ती पाने त्याच दिवशी काढली आणि पाणी पानांवर न पडता मुळाशीच घालण्याची दक्षता घेतली. मातीतील बुरशी पाण्याच्या शिंतोड्यांबरोबरच खालच्या पानांवर चढते.

राहिला होता तो फोन. अण्णा तीन आठवडे टाळत होते. अखेर एका रविवारी पहिली लाल फळे पिशवीत घालून ते रोपवाटिकेत गेले. मालकाने खुर्ची पुढे केली, पाणी दिले. “अण्णा, त्या दिवशी मी एवढंच विचारणार होतो, की पाणी कसं घालता. तुम्ही बोलू दिलं नाहीत.”

अण्णांनी मान खाली घालून क्षमा मागितली. निघताना त्यांनी आठ मोठ्या कुंड्या रिक्षात ठेवायला लावल्या आणि आयुष्यात प्रथमच भाव केला नाही.